चहा येईपर्यंतची बाजू

काका, परवा तुमच्या तेरवीला सुधाकर आला होता. वडनेरहून हिंगणघाट, तिथून वर्धा, अशा दोन बस बदलून. पंगत उठल्यावर हात धुता धुता माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "कुंदा, काका शेवटी कोन्या बाजूनं होते वं?"

बघणाऱ्यांना गंमत वाटली असेल. याच माणसानं मला नांदायला आणण्यासाठी कोर्टात खेचलं, तुम्ही माझं वकीलपत्र घेऊन त्याला हरवलंत, आणि तो तुमच्या तेरवीला बुंदी वाढत फिरत होता. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की काकांची माणसं अशीच असतात. पण त्याच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं तुमच्यासमोर बसले आणि एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नाही. खरं सांगू? मला रडू कमी येतं आहे, तुमचा राग जास्त येतो आहे.

तुम्ही किती वर्षं वकिली केली, कोणत्या कमिटीवर होता, ते पेपरवाले लिहितील. मला तुमच्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण तुम्ही अर्धं टाकून गेलात.

तुमच्या ओसरीवर दोन खुर्च्या असायच्या. एक वेताची, एक घडीची लोखंडी, जिच्यात बोट चेमटलं नाही असा माणूस आपल्या बैठकीत नसेल. रविवारी सकाळी पेपरातला एखादा खटला घ्यायचा, नाहीतर घटनेवरचा एखादा वाद. मालमत्तेचा हक्क मूलभूत असावा की नसावा, संसदेला घटना कुठवर बदलता यावी, फाशी असावी की नको. जे चालू आहे ते राखायचं असेल तो वेताच्या खुर्चीत, मोडायचं असेल तो लोखंडी. आतून चहा आला की दोघांनी उठून खुर्च्या बदलायच्या, आणि आतापर्यंत जे मोडलं तेच जोडायला लागायचं. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवल्याशिवाय उत्तर द्यायला बंदी. आणि स्वतःचं मत तर चपलांबरोबर खालीच ठेवायचं. "मत घरी नेजो," तुम्ही दटावायचात, "इथं फक्त बाजू मांडजो."

चहाला घड्याळ नव्हतं. कधी तो झटकन यायचा, कधी आम्ही घसे कोरडे करून बसलो तरी यायचा नाही. काकूंचं आतलं काम आवरलं की येत असेल, एवढंच मी धरून चालले होते.

मी पहिल्यांदा आले ती बाबांमुळे. सेलूहून बाबा भाजी घेऊन बाजाराला यायचे, मी वर्ध्यात कॉलेजला होते, आणि माल उठेपर्यंत पोरीनं उन्हात कुठं बसावं म्हणून त्यांनी मला तुमच्या ओसरीवर बसवलं. तुमच्याकडे त्यांची वांगी जायची, तेवढीच ओळख. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही म्हातारी माणसं किती वाद घालतात आणि कोणीच कोणाला वाईट कसं म्हणत नाही. आमच्या घरी बांधावरून पाणी कोणी आधी घ्यायचं यावर बोलाचाली झाली तर दोन महिने तोंडं बंद असायची.

मग आणीबाणी आली. आपल्या बैठकीतल्या, पवनारच्या नारायणरावांचा धाकटा भाऊ तुरुंगात होता. त्या रविवारी विषय निघाला तो अटकेतल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येतं की नाही याचा, आणि तुम्ही जाऊन बसलात वेताच्या खुर्चीत. सरकारच्या बाजूनं. नारायणराव उठले, चपला पायात सरकवल्या.

"बसा," तुम्ही म्हणालात. "त्याले आत टाकनाऱ्याचं म्हननं काय हाये हे समजल्याशिवाय तुमी त्याले बाहेर कसं काढसान?"

ते उभेच राहिले, पण गेले नाहीत. तुम्ही सरकारची बाजू अशी मांडलीत की माझं डोकं तापलं. चहा आला. खुर्ची बदललीत, आणि एकेक मुद्दा असा उसवत गेलात की नारायणरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. बाहेर पडताना ते मला म्हणाले, "मले वाटे सरकार म्हंजे भूत. आज त्याचं तोंड दिसलं. आता भांडता येते." त्या दिवसापासून मी कोपरा सोडला.

गावात तुम्हाला लोक 'दोन्हीकडचे वकील' म्हणायचे, आणि ते कौतुकानं नव्हतं. तुम्हाला पक्षकार कमी होते, याचं कारण तेच. माणूस आपली तक्रार सांगायला यायचा आणि तुम्ही त्याला विचारायचात, "बरं, आता त्याचं सांग." अर्धे तिथूनच उठून दुसऱ्या वकिलाकडे जायचे. मलाही एक दिवस तसंच उठून जावं लागलं.

माझं लग्न झालं तेव्हा मी सेलूच्या शाळेत लागले होते. सुधाकरची शेती वडनेरला. घरी तो आणि त्याची आई, दोघंच. बोलणी झाली तेव्हा नोकरीबद्दल कोणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. सुट्ट्यांमध्ये मी वडनेरला जायची, शाळा सुरू झाली की सेलूला परत. सुधाकर वाईट नव्हता. हात उगारला नाही, दारू नाही. फक्त दर वेळी बसस्टँडवर सोडायला आला की विचारायचा, "नोकरी कधी सोडतं?" आणि मी म्हणायची, "पाहू." त्याच्या आईचे गुडघे धरले, तिला चुलीपुढे बसवेना, आणि एक दिवस मला कोर्टाचा कागद आला. नांदायला येण्याचा दावा. हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम.

तो कागद घेऊन मी तुमच्याकडे धावत आले. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, घाबरू नको पोरी. तुम्ही चष्मा लावून कागद वाचलात, वेताच्या खुर्चीकडे बोट केलंत आणि म्हणालात, "बस. आंधी सुधाकरचं मांड."

"मी नाही मांडणार," मी म्हणाले. "हे काही पेपरातलं नाही. माझी नोकरी जाईल, काका. मला तिथं जाऊन राहावं लागेल."

"म्हनूनच मांड."

मी तडक निघाले. स्टँडवर सेलूची बस लागली होती, पण पाय चढेनात. तुम्हाला मनात काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा आले, कोणाशी बोलले नाही, आणि वेताच्या खुर्चीत बसून नवऱ्याची बाजू मांडली. एकट्या माणसाचं घर. संध्याकाळी शेतातून आल्यावर अंधारात कंदील लावायचा तोही आपणच. म्हातारी आई, जिला दुसऱ्याच्या हातचं मागायची लाज वाटते. गावात लोक विचारतात, तुही बायको कुठं हाये बे? आणि याच्याजवळ उत्तर नाही. आणि तिथंच, त्याच्या बाजूनं बोलत असतानाच, मला दिसलं की या सगळ्यात माझं नाव कुठंच नाही. त्याला घर हवं होतं, चूल हवी होती, लोकांना द्यायला उत्तर हवं होतं. कुंदा हवी होती का, हे मला त्याच्या तोंडून सांगताच येईना.

आतून चहा आला.

कोर्टात सुधाकरच्या साक्षीच्या दिवशी तुम्ही फार विचारलं नाहीत. त्याच्या वकिलानं त्याला पक्कं पढवून आणलं होतं, तो सगळं धडाधड म्हणत होता. तुम्ही उभे राहिलात आणि सरळ विचारलंत, "सुधाकरभाऊ, बायको काऊन पाहिजे?"

त्याचा वकील हरकत घ्यायला उठला. न्यायाधीश म्हणाले, उत्तर देऊ द्या.

सुधाकर म्हणाला, "आईले भाकर थापनं होत नाई, साहेब."

"आन् आई धडधाकट असती तं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खोटं त्याला कधीच जमलं नाही. "तं मंग इतकी घाई नोती," तो म्हणाला, आणि ते लिहून घेतलं गेलं.

पण तुम्ही तेवढ्यावर गप्प बसाल तर तुम्ही कसले? युक्तिवादाच्या पेशीला बाबा सेलूहून आले होते, टोपी हातात घेऊन मागच्या बाकावर. तुम्ही उठलात आणि सुरुवात केलीत सुधाकरपासून. त्याचा एकटेपणा, त्याची आई, लग्नात नवऱ्याची रास्त अपेक्षा काय असते, कायद्यानं हे कलम का ठेवलं. त्याच्या वकिलाला सुचलं नव्हतं तेही तुम्ही बोललात. तो तर मान डोलवू लागला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "वकीलसाहेब, आपण कोणातर्फे उभे आहात?" सगळं कोर्ट हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझा दंड धरला. "काऊन वं कुंदे, हा मानूस आपला हाये का त्यायचा? बरबाद करून राह्यला ना आपल्याले!"

मी त्यांना सांगू शकत नव्हते की हा ओसरीवरचा नियम आहे. मलाही भीती वाटत होती. इथं चहा आणायला कोण येणार, खुर्ची बदलायची कोणी आठवण करणार? तुम्ही रंगात येऊन तिकडंच राहिलात तर?

मग तुम्ही पाण्याचा घोट घेतलात. म्हणालात, हे सगळं खरं आहे, यातलं काहीही मी नाकारत नाही. इतकं सगळं खरं धरूनही या माणसानं शपथेवर सांगितलं आहे की घाई बायकोची नव्हती, भाकरीची होती. भाकरीसाठी एका शिक्षिकेची शाळा सोडवायची का, एवढाच प्रश्न आहे. आणि बसलात.

दावा फेटाळला गेला. माझ्या वेगळं राहण्याला रास्त कारण आहे, असं निकालात आलं. बाहेर पिंपळाच्या पारावर सुधाकर तुमच्याजवळ आला. मला वाटलं, आता भांडण होणार. तो म्हणाला, "साहेब, माह्यं दुःख तुमी सांगतलं तवा मलेच समजलं." पुढं आम्ही दोघांच्या संमतीनं सोडचिठ्ठी घेतली. त्यानं वर्षभरात दुसरं लग्न केलं, चांगली बाई मिळाली त्याला. आणि शेजाऱ्याशी शेताच्या धुऱ्यावरून भांडण लागलं तेव्हा वकीलपत्र दिलं ते तुम्हालाच. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे तो त्यायचाच होता का मंग?" आणि दुसऱ्या रविवारी तुमच्याकडे जास्तीची वांगी घेऊन आले.

मी आज शाळेत आहे, सेलूत आहे, माझ्या पगारावर माझं घर आहे. हे तुमच्यामुळे. तोंडावर कधी म्हणाले नाही. म्हणायला गेले असते तर तुम्ही म्हणाला असतात, बरं, आता त्याची दुसरी बाजू सांग.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तेच कलम मोठ्या कोर्टांत गेलं. एका हायकोर्टानं ते घटनेच्या विरुद्ध ठरवलं, बाईच्या शरीरावर कोर्टाचा हुकूम चालणार नाही म्हणून. दुसऱ्या हायकोर्टानं ते राखलं. शेवटी दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं राखायच्या बाजूनं कौल दिला. तिथं वाद मिटला, पण तुमच्या ओसरीवर मिटला नाही. दर वर्षी माझ्या निकालाच्या सुमारास तुम्ही तो विषय काढायचात, मुद्दाम, मला चिडवायला. मी लोखंडी खुर्चीत बसून म्हणायची, ज्या कोर्टाच्या हुकमानं बाईला घराच्या उंबऱ्याआत ढकलता येतं, ते कोर्ट स्वयंपाकघरात थांबेल आणि पुढच्या खोलीत जाणार नाही, हे कोणी सांगावं? तुम्ही वेताच्या खुर्चीतून म्हणायचात, हाकललेल्या बायकाही हेच कलम घेऊन येतात, त्यांचं काय करशील? चहा आला की तुम्ही माझं बोलायचात आणि मी तुमचं. तुम्ही माझं इतकं मनापासून बोलायचात की मला वाटे, सापडले, हे आतून माझ्याच बाजूचे आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा वेताच्या खुर्चीतून तितक्याच मनापासून उलटं.

शेवटच्या रविवारी तोच विषय होता. तुम्ही वेताच्या खुर्चीत होता. मधेच म्हणालात, "या कलमाची एक गोष्ट आजून कोनीच बोललं नाई," आणि खोकल्याची ढास लागली. ती थांबेचना. काकू चहा घेऊन आल्या, पण तुम्ही खुर्ची बदलली नाहीत. भिंत धरून आत गेलात. जाताना म्हणालात, "राह्यलेलं पुढच्या रविवारी." पुढचा रविवार आला तेव्हा तुम्ही नव्हता.

काल रविवार. सुधाकरचा प्रश्न डोक्यात घेऊन मी आले. नारायणराव आले होते, अजून तिघं-चौघं. ओसरी झाडलेली होती आणि दोन्ही खुर्च्या मांडलेल्या. वेताच्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. मग मीच बसले. म्हटलं, काकांची बाजू अर्धी राहिली आहे, ती पुरी करते.

काका, मी जीव तोडून बोलले. ज्या कलमानं मला कोर्टात खेचलं त्याच्यासाठी. हुकूम झाला तरी कोणी बाईला दंडाला धरून नेत नाही, हे सांगितलं. रागानं मोडलेली घरं सावरायला वेळ मिळतो, हे सांगितलं. गाठोडं घेऊन तुमच्या ओसरीवर बसलेल्या त्या हाकललेल्या बायका, ज्यांना खावटीचे पैसे नको होते, आपलं घर हवं होतं, त्यांचंही सांगितलं. तुमचे आजवरचे सगळे मुद्दे संपवले. नारायणराव म्हणाले, वा. मी थांबले, कपबशांचा आवाज ऐकायला.

चहा आला नाही.

आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो. मला वाटलं, काकूंना रडू आलं असेल. मी आत गेले. काकू चुलीजवळ पाटावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. आधण ठेवलेलंच नव्हतं.

"काकू, चहा?"

"चहा कसा येईन?" त्या म्हणाल्या. "अर्धंच झालं."

इतक्या वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. सगळे चहा, लवकर आलेले, उशिरा आलेले. काका, चहा काम आवरल्यावर येत नव्हता. बाजू पुरी झाली की येत होता. आतून कोणी तरी एकेक शब्द ऐकत होतं, आणि त्या शेवटच्या रविवारी तुमच्या खोकल्यासाठी तेवढा एकदाच तो आधी आला होता.

"काय राहिलं?" मी विचारलं.

त्या उठल्या, पदर नीट केला आणि माझ्या पुढं होऊन ओसरीवर आल्या. नारायणराव गडबडीनं उठून उभे राहिले. काकू म्हणाल्या, "मानूस घरात बसून बायकोले 'ये' म्हनते, तवा त्याले कोनी कारन इचारत नाई. ना माय इचारत, ना भाऊ. या कलमानं त्याले कोर्टात या लागते, शपथ घ्या लागते. मंग कोनीतरी उभं राहून इचारू शकते, काऊन पाहिजे म्हनून. हिच्या नवऱ्याले इचारलं, तवाच तं हे सुटली. कलम काढलं तं इचारन कोन? हे म्हनाचं होतं त्यायले त्या दिवशी. रातभर माह्यापाशी बोलत होते."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसली नाही. सुधाकरचा प्रश्न मी काकूंना विचारला. "काकू, हे त्यांचं मत होतं की नुसती बाजू?"

"मले काय मालूम? मत इचारलं का हासत होते." त्या लोखंडी खुर्चीजवळ गेल्या, ती सराईतासारखी उघडली आणि बोट न चेमटवता तिच्यात बसल्या. "ते त्यायचं झालं. माह्यं वेगळं हाये. मले इचारलं नाई तुमी कोनी, पन माह्यं लय वेगळं हाये. कुंदा, जाय, चहा तू ठेव."

मी आत गेले. साखर कुठं असते हे मला ठाऊक नव्हतं, चहापत्तीचा डबाही शोधावा लागला. आधण ठेवलं आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, काकू जिथं बसायच्या तिथंच, पाटावर बसून ऐकू लागले. बाहेर त्या बोलत होत्या, थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. पाणी उकळून आटलं, मी दुसरं ठेवलं. काका, काल तुमच्या घरी चहा फार उशिरा आला.